गांवच्या भावी गरजा आणि आजचा आराखडा

केज तालुक्यांतील नांदूरघाट व आसपासच्या गांवांतील आमच्या वाचकांनीं सार्वजनिक सोयींविषयीं यंदा थोडें दूरवर पाहावें, अशी विनंती आहे. सभामंडप, समाजगृह, टाकी, रस्ता यांची मागणी कशी निघते हें सर्वांस ठाऊक आहे. ज्या योजनेंत पैसा असेल तीच गांवची गरज ठरते! २०१५ सालापासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमान्वयें आराखडा ग्रामपंचायतीनें स्वतः करावयाचा आहे. अधिकार आला, परंतु आराखड्यांतील माणसें राहिलीं २०११ च्या खानेसुमारींतलीं. २०२१ ची खानेसुमारी ठरल्या वर्षीं झालीच नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत तर माणसें मोजावीं कोणत्या महिन्यांत, हाच मूळ प्रश्न आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, आणि गाळप आटोपल्यावर पाडव्याच्या मागेंपुढें परततात. २०१८ सालीं सुरू झालेली आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरपासून वर्षअखेरपर्यंतची. म्हणजे गरजा लिहिल्या जातात तेव्हां ज्यांना त्यांची सर्वांत अधिक निकड, ते फडावर असतात.

पाण्याचेंच पाहा. २०१९ च्या जल जीवन मिशनचें मान माणशीं रोज ५५ लिटर. पांच हजार वस्तीचें गांव धरल्यास २,७५,००० लिटर झाले. त्यांतून दीड हजार माणसें बाहेर गेलीं, असें समजा. मग १,९२,५०० लिटर पुरतात आणि योजना उत्तम चालली असें सर्वांस वाटतें. पुढें चैत्रांत तीं माणसें परततात, तीही नेमक्या विहिरी तळ गांठूं लागतात त्या वेळीं. बरोबर बैलजोड्या असतात, आणि बैलाचा वाटा त्या ५५ लिटरांत नाहीं. (कागदावरचा बैल पाणी पीत नाहीं.) सबब टाकी व उद्भव यांचा हिशेब वैशाखाचा धरावा, पौषाचा नव्हे.

शाळेच्या खोल्यांविषयींही विचार व्हावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर स्त्रीमागें सरासरी अपत्यें १.७ आहेत. मुलें कमी होणार, वृद्ध वाढणार. तोडणीच्या दिवसांत नातवंडें सांभाळणारे तेच. नवी खोली मागण्यापूर्वीं हंगामी वसतिगृहाची व वृद्धांच्या औषधपाण्याची सोय मागणें अधिक शहाणपणाचें.

परंतु आमचा खरा आग्रह जागेविषयीं आहे. इमारतीस पैसा आज ना उद्यां मिळतो. गेलेली जागा मिळत नाहीं. महसुली दफ्तरांत हयात गेल्यामुळें हें आम्हांस विशेष जाणवतें. जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ अन्वयें जिल्हाधिकाऱ्यांस सरकारी पड जमीन गुरचरण, खळें, बाजार, दहनभूमि, गांवठाण इत्यादि कामांस राखून ठेवतां येते. २०११ सालीं जगपाल सिंग खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सामाईक जमिनींवरील अतिक्रमणें काढण्याचे निर्देश सर्व राज्यांस दिले, व २०१७ सालीं कलम २२-अ घालून गायरानाच्या अन्य वापरास बंधन आलें. इतकें असून बहुतेक गांवांत गायरान किती होतें व किती उरलें, हें विचारल्यास लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

येथें एक भेद केला पाहिजे. गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीनांचा प्रश्न वेगळा. १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या अशा अतिक्रमणांस १९९१ च्या शासन निर्णयानें मान्यताही दिली आहे. आमचा रोख आहे तो घरचीं बागाइतें असतांना दरसाल नांगराचें एकेक तास पुढें सरकवून रस्ता व गुरचरण गिळणाऱ्यांवर. हें मासिक त्यांच्याही घरीं जातें.

१ मे च्या ग्रामसभेस टोळ्या परतलेल्या असतात. त्यापूर्वीं पंधरा दिवस प्रत्येक आळींत घरोघर जाऊन माणसें, मुलें, वृद्ध, जनावरें व बाहेर जाणारे यांची मोजदाद करावी. तलाठ्याकडून सरकारी व गायरान जमिनीच्या गट क्रमांकांचे उतारे नकाशासह घ्यावेत, आणि पुढील वीस वर्षांत दहनभूमि, गोदाम, दवाखाना, टाकी व बाजार यांस किती गुंठे लागतील तें ठरवून, क्रमांकासह ठराव करून तो तहसीलदारांकडे पाठवावा. ठरावाची पोहोच मागून घ्यावी व ती पंचायतीच्या दप्तरीं लावावी.