झाकली मूठ आणि पोकळ धाक

कबड्डीत चढाई करणारा खेळाडू डावीकडे झेपावल्यासारखं करतो, बचाव करणारे तिकडे सरकतात आणि तो उजव्या कोपऱ्याला हात लावून परततो. याला आपण हूल देणं म्हणतो. पत्त्यांच्या डावात हाच 'ब्लफ'. हातात दुर्री-तिर्री, पण चेहरा मात्र एक्के असल्यासारखा!

थाप आणि हूल यांत थोडा फरक आहे. थाप कशाचीही मारता येते. हूल असते ती आपल्या ताकदीची किंवा इराद्याची. जे आपल्याकडे नाही ते आहे, जे करणार नाही ते करणारच, असं समोरच्याला वाटायला लावायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी.

बाजारात ही हूल सगळेच देतात. दादर असो की इंदूरचा राजवाडा, भाव पटला नाही की आपण पाठ फिरवून चार पावलं चालतो. दुकानदारही 'परवडत नाही ताई' म्हणत राहतो आणि पाचव्या पावलाला हाक मारतो. हा खेळ आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून कुणी दुखावत नाही.

कधीकधी हूल हीच ढाल होते. घरात एकटी असलेली बाई दार उघडण्याआधी मुद्दाम मोठ्याने म्हणते, "अहो, बघा जरा कोण आलंय!" रात्री रिक्षातून येणारी मुलगी फोन कानाला लावून बोलते, "बाबा, कोपऱ्यावर उभे राहा, पाच मिनिटांत पोहोचते." पलीकडे कुणी नसलं तरी चालतं. अशी हूल जरूर द्यावी.

नोकरीत मात्र जपून. 'मला दुसरीकडून ऑफर आहे' असं सांगून पगार वाढवून मागितला आणि साहेब म्हणाले, "मग जा की!" तर? मूठ उघडायची वेळ आली तर निभावता येईल, एवढीच हूल द्यावी.

सगळ्यात महाग पडते ती घरातली हूल. 'जेवला नाहीस तर इथेच सोडून जाईन', 'रडलास तर पोलीस पकडून नेतील.' दोन-चार वेळा काहीच झालं नाही की मुलाला कळतं, आई नुसतं बोलते. मग तिच्या खऱ्या सूचनेलाही किंमत उरत नाही. उलट मुलाने विश्वास ठेवला, तर अधिकच वाईट. जत्रेत हरवल्यावर ज्या पोलिसाकडे त्याने धावत जायचं, त्यालाच आपण बागुलबुवा करून ठेवलेलं असतं. त्यापेक्षा 'खेळणी आवरली नाहीस तर आज टीव्ही नाही' एवढंच सांगावं आणि तेवढं पाळावं.

खाकी गणवेशाची हीच भीती आज भामट्यांचं भांडवल झाली आहे. 'डिजिटल अरेस्ट'चा फोन म्हणजे निव्वळ हूल. 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत', असं सांगून व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दरडावतो. फोन ठेवू नका, घरात कुणाला सांगू नका, तपासणीसाठी पैसे या खात्यात भरा. शिकलेली, जबाबदारीच्या पदावरून निवृत्त झालेली माणसंही यात आयुष्याची पुंजी गमावून बसली आहेत. आपल्या कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक असा प्रकारच नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे स्पष्ट सांगितलं होतं.

ही हूल तीन गोष्टींवर चालते: भीती, घाई आणि एकटेपणा. म्हणून फोन कापा. दहा मिनिटं थांबा. घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला सांगा. शंका वाटली तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

आज जेवताना हा विषय घरात काढा. आजी-आजोबांना एक भरवसाही द्या, की असा फोन आला आणि त्यांनी आपल्याला सांगितलं, तर कुणीही त्यांना रागावणार नाही. अनेकजण पोलिसांइतकेच घरच्यांच्या बोलण्याला घाबरून गप्प राहतात. ती भीती गेली, की भामट्याच्या झाकल्या मुठीत काहीच उरत नाही.