बुके घरीच बांधा, आणि तो जिप्सीचाच असू द्या

इंग्लंडमध्ये बहुतेक मराठी लग्नं दोनदा लागतात. एकदा हॉलमध्ये, अंतरपाट, मंगलाष्टका, सप्तपदी असं साग्रसंगीत. आणि एकदा कौन्सिलच्या रजिस्ट्रारपुढे, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. पहिल्या लग्नाचे हार, मुंडावळ्या, वेण्या यांची यादी कित्येक महिने आधी तयार असते. दुसऱ्याच्या वेळी मात्र शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं की नवरीच्या हातात बुके हवा. मग फुलांच्या दुकानात फोन जातो आणि शंभर-दीडशे पौंड सहज खर्ची पडतात. हा बुके विकत आणू नये. तो घरी बांधावा, घरच्या माणसांनी बांधावा आणि फक्त जिप्सोफिलाचा बांधावा.

जिप्सोफिला म्हणजे पुण्या-मुंबईचे फुलवाले ज्याला नुसतं ‘जिप्सी’ म्हणतात ते फूल. गुलाबांच्या मधली पोकळी भरायला खोचलेले बारीक पांढरे ठिपके सगळ्यांनी पाहिलेले असतात. पण त्यांच्याकडे मुद्दाम कुणी बघत नाही. कार्नेशनच्या कुळातलं हे झाड मूळचं पूर्व युरोप आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या माळरानांवरचं. इंग्लंडच्या बागांमध्येही त्याच्या वाट्याला मदतनिसाचंच काम आलं. सरे परगण्यात मन्स्टेड वूड इथे बाग फुलवणाऱ्या गर्ट्रूड जेकिल या ओरिएंटल पॉपीच्या शेजारी जिप्सोफिला लावत. पॉपीचा बहर ओसरला की वाफ्यात मोठं भगदाड पडे, ते जिप्सोफिलाच्या पांढऱ्या पसाऱ्याखाली झाकलं जाई. फुलांच्या दुकानांनीही त्याला पुढे तेच काम दिलं.

पण हेच फूल एकट्यानं, भरपूर प्रमाणात हातात घेतलं की त्याचं रूप पालटतं. एका देठाला शेकडो फुलं असतात आणि प्रत्येक फूल पुरतं अर्धा इंचही नसतं. दहा-पंधरा भरगच्च देठ एकत्र आले की कडा विरत गेलेला गोल पांढरा झुबका तयार होतो. शिकाऊ हातांसाठी ही फार मोठी सोय आहे. सहा गुलाबांच्या गुच्छात एक गुलाब वाकडा बसला तर तो फोटोत दिसतो. जिप्सीत एक फांदी इकडची तिकडे झाली तरी काही बिघडत नाही.

बारीक फुलांचा बुके नवरीला शोभणार नाही, ही शंका ब्रिटिश राजघराण्यानंच फेडली आहे. 2011 साली केट मिडलटन यांच्या हातात लिली ऑफ द व्हॅली, स्वीट विल्यम, हायसिंथ, आयव्ही आणि मर्टल असा लहानखुरा गुच्छ होता. 2018 साली मेगन मार्कल यांच्या बुकेत फर्गेट-मी-नॉट, स्वीट पी आणि अ‍ॅस्टिल्बी होते, आणि त्यातली काही फुलं प्रिन्स हॅरी यांनी आदल्या दिवशी केन्सिंग्टन पॅलेसच्या बागेतून स्वतः खुडली होती. कॉन्स्टन्स स्प्राय तर त्याच्याही कितीतरी आधीच्या. लंडनमध्ये 1929 साली फुलांचं दुकान थाटणाऱ्या या बाईंनी केलची पानं, रानटी फळं आणि कुंपणाकडेची तणं श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेऊन ठेवली, आणि 1953 च्या राज्याभिषेकाच्या फुलांच्या सजावटीतही त्यांचा हात होता. फुलाची किंमत बाजार ठरवतो. पण ते कसं दिसेल हे बांधणाऱ्या हातावर असतं, हे त्यांच्या कामानं दाखवून दिलं.

तरीही घरच्या बुकेच्या बाजूनं सगळ्यात भक्कम मुद्दा मराठीच आहे, आणि तो म्हणजे रुखवत. भरतकाम, लोकरीचं विणकाम, मण्यांची तोरणं, सुपारीची भटजी-भटजीण, साखरेचे दागिने असं सगळं नवरीकडच्या बायका एकत्र बसून करत, आणि लग्नाच्या दिवशी ते टेबलावर मांडलं जाई. त्यातल्या वस्तू पुढे वापरात आल्या नसतील, पण त्या निमित्तानं आत्या, मावश्या, काकू, शेजारणी लग्नाआधीच कार्यात सामील होत. परदेशातल्या लग्नात जेवणाचं कंत्राट वेगळं, सजावटीचं वेगळं, मेंदीचं वेगळं. भारतातून आठवडाभर आधी आलेल्या मावशीला करायला काहीच उरत नाही. ती सोफ्यावर बसून ‘काही मदत हवी का’ असं विचारत राहते, आणि तिला ‘नको, तुम्ही आराम करा’ असंच उत्तर मिळतं. बुके तिच्या हाती द्यावा. ज्या बाईनं आयुष्यभर गजरे ओवले, वेण्या गुंफल्या, गणपतीला दूर्वांच्या जुड्या बांधल्या, तिच्या बोटांना हे काम नव्यानं शिकवावं लागत नाही.

काम असं आहे. लग्नाच्या दोन दिवस आधी दोन-तीन मोठ्या जुड्या आणाव्यात. सुपरमार्केटमध्ये त्या मिळतात. लंडनकरांना पहाटे उठायची तयारी असेल तर नाइन एल्म्सचा न्यू कॉव्हेंट गार्डन फूलबाजार आहे. साधारण निम्मी फुलं उमललेली आणि बाकीच्या कळ्या, असे देठ निवडावेत. तपकिरी पडलेली फुलं दिसली तर ती जुडी घेऊच नये. घरी आल्यावर देठांची टोकं तिरकी छाटून, खालची पानं काढून, स्वच्छ बादलीत कोमट पाण्यात रात्रभर ठेवावं. बादली फळांच्या टोपलीजवळ मात्र ठेवू नये. पिकणारी केळी आणि सफरचंदं इथिलीन वायू सोडतात, आणि जिप्सोफिला त्या वायूपुढे लवकर मान टाकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर जुनी चादर पसरावी, कारण पाकळ्यांचा भुगा पडतोच. देठ एकमेकांत गुंतलेले असतात. ते ओढून सोडवले तर फुलं गळतात, म्हणून जुडी उलटी धरून हलकेच हलवावी आणि फांद्या एकेक करून सुट्या कराव्यात. मग सगळ्यात भरदार देठ डाव्या हातात उभा धरायचा. पुढचा त्याला तिरका लावायचा, त्यापुढचा त्याच दिशेनं तिरका, आणि प्रत्येक वेळी हातातली जुडी थोडी फिरवायची. सगळे देठ एकाच दिशेला कलले की खाली आपोआप पीळ पडतो आणि वर घुमट तयार होतो. हात पकडीच्या जागेवरून हलू द्यायचा नाही. तिथेच सुतळी चार-पाच वेळा करकचून गुंडाळायची. देठ वीतभर ठेवून सरळ कापायचे. रिबीन मात्र निघायच्या तासभर आधी गुंडाळावी, तोवर बुके ग्लासभर पाण्यात उभा असावा.

रिबिनीच्या जागी आईच्या पैठणीच्या पोलक्यातून उरलेली काठाची पट्टी लावली, तर इंग्रजी धाटणीच्या या बुकेला एक घरचा धागा मिळतो. उरलेल्या डहाळ्याही वाया जात नाहीत. पुण्यातल्या ब्यूटी पार्लरमध्ये आंबाड्याभोवती जिप्सी लावण्याची पद्धत आता सर्रास आहे. तशा त्या करवलीच्या केसात जातील, नवऱ्या मुलाच्या कोटाच्या खिशाला जातील, जेवणाच्या टेबलांवरच्या बरण्यांत जातील.

या बेताला काही हरकती आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पहिली वासाची. मोठ्या प्रमाणात एकत्र आलेल्या जिप्सोफिलाला आंबूस वास येतो, आणि मोगऱ्याची सवय असलेल्या नाकाला तो खटकतो. खिडकी उघडी ठेवणं आणि पाणी बदलणं यानं तो कमी होतो. वेणी खऱ्या मोगऱ्याची घातली की उरलेली उणीव भरून निघते. दुसरी हरकत तब्येतीची. रोज हे फूल हाताळणाऱ्या कामगारांमध्ये दम्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. घरात कुणाला दमा असेल तर महिनाभर आधी एक लहान जुडी आणून पाहावी, आणि त्रास झाला तर हा नाद सोडावा.

तिसरी हरकत पर्यावरणाची, आणि तिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं. बाजारातली बरीचशी जिप्सी केनिया, इथिओपिया, इक्वेडोर अशा देशांतून येते. हे घरच्या बुकेलाही लागू आहेच. पण सुतळीनं बांधलेल्या गुच्छात फुलांसाठीचा तो हिरवा फोम नसतो. तो फोम प्लास्टिकचा असतो, त्याचा चुरा होऊन मातीत-पाण्यात राहतो, आणि म्हणूनच रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मनाई केली आहे.

अमेरिकेतल्या वाचकांनी आणखी एक काळजी घ्यायला हवी. तिथे जिप्सोफिला बागांतून निसटून रानात पसरलं आहे. लेक मिशिगनच्या काठी, स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांवर त्याची मुळं कित्येक फूट खोल जातात; शरद ऋतूत वाळलेलं झुडूप बुडातून तुटून वाऱ्यावर गडगडत जातं आणि वाटेत हजारो बिया सांडतं. पिचर्स थिसलसारख्या, आधीच संकटात असलेल्या स्थानिक झाडांची जागा ते बळकावतं, आणि ते उपटायला स्वयंसेवक कुदळी घेऊन राबतात. तेव्हा तिथे रस्त्याकडेची जिप्सी तोडून आणू नये, आणि वाळलेला बुके किनाऱ्यावर किंवा रानात टाकून देऊ नये.

ब्रिटनमध्ये ज्यांच्या घरामागे चार हात जमीन आहे, त्यांना आयात टाळण्याचा सोपा मार्ग आहे. जिप्सोफिलाची ‘कॉव्हेंट गार्डन’ नावाची एकवर्षायू जात थेट मातीत पेरता येते आणि साधारण आठ ते दहा आठवड्यांत फुलते. तिचा बहर थोडे दिवस टिकतो, म्हणून एप्रिलपासून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं थोडं बी पेरत गेलं, तर उन्हाळ्यातल्या बऱ्याच लग्नांना पुरेल.

यात इथल्या मराठी मंडळांनाही काम आहे. दर वर्षी रांगोळीचं आणि उकडीच्या मोदकांचं प्रात्यक्षिक होतं. त्याच धर्तीवर मार्चमध्ये बुके बांधण्याची एक दुपार ठेवावी. चार जुड्या, दोन छाटणीच्या कात्र्या आणि एक सुतळीचं बंडल एवढंच सामान लागेल. येणाऱ्यांना बियांचं एकेक पाकीट द्यावं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांची नावं त्याच दिवशी लिहून घ्यावीत, म्हणजे कुणाच्या वाफ्यातली फुलं कुणाकडे जाणार हे वेळेत ठरवता येईल.