रेघ गेली, जागा उरली

कुंभकोणमजवळ कावेरीकाठी तिरुविसनल्लूर नावाचे छोटे गाव आहे. तंजावरचे मराठे राजे शहाजी, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांचे चिरंजीव, यांनी १६९३ मध्ये ते ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिले. गावाला शहाजिराजपुरम असे नाव पडले. कवी आणि वैयाकरण रामभद्र दीक्षित तेथलेच. या पंडितांना कोणी 'परिच्छेद दाखवा' असे म्हटले असते, तर त्यांनी पाच-सात ओळी नव्हे, ग्रंथाचे अख्खे प्रकरण पुढे केले असते!

संस्कृतात परिच्छेद म्हणजे कापून वेगळा केलेला भाग. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त असे दहा परिच्छेद आहेत, आणि एकेक चांगला लांबलचक. प्रकरणाच्या आत मात्र ताडपत्रावर अक्षरे या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग चालत. श्लोक असेल तर वृत्तच थांबायला सांगे. गद्य टीकेत फार तर एखादा दंड. बाकीचे काम गुरूचा आवाज करी.

इंग्रजी शाळेतला 'पॅराग्राफ' आला ग्रीसमधून. 'पॅरा' म्हणजे बाजूला, 'ग्राफ' म्हणजे लिहिणे. गंमत अशी, की हे नाव मजकुराचे नव्हतेच. ते होते समासातल्या एका आडव्या रेघेचे. पपायरसच्या गुंडाळीत नाटकातले बोलणारे पात्र बदलले, की लेखनिक ओळीच्या सुरुवातीला खाली रेघ ओढी. अॅरिस्टॉटलला ही सोय फारशी मानवली नाही. वाक्याचा शेवट लयीवरून कळावा, लेखनिकाच्या खुणेवरून नव्हे, असे त्याचे म्हणणे. आमच्या पंडितांनी मान डोलावली असती.

पुढे युरोपातल्या हस्तलिखितांत रेघेच्या जागी लाल शाईचे चिन्ह आले. छापखाने निघाल्यावर ते हाताने काढता यावे म्हणून ओळीच्या आरंभी जागा सोडत. पुष्कळदा चिन्ह काढायचे राहूनच जाई. तीच रिकामी जागा आजही आपण सोडतो. एका परिच्छेदात एकच विषय, हा शाळेतला दंडक मात्र बराच अलीकडचा. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये तो पुस्तकात नीट मांडला.

मराठीत मेजर कँडी यांचे 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मध्ये आले. छापील गद्य वाढत गेले, आणि प्रकरणाएवढा 'परिच्छेद' आक्रसून चार ओळींवर आला.

तंजावरच्या मराठी कारभाराचे कागद त्याआधीचे, मोडीतले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांचे शेकडो रुमाल आहेत. मोडी म्हणजे हात शक्यतो न उचलता लिहायची लिपी. शब्द कोठे तुटतो हेच जेथे शोधावे लागते, तेथे परिच्छेद कोठला? एक बाब संपून दुसरी कोठे सुरू झाली, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. ते चुकले, तर एकाला दिलेली देणगी दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. म्हणून देवनागरी नक्कल करणारा माणूस तोच कागद पुन्हा पुन्हा वाचतो, आणि मगच नवी ओळ थोडी आत सरकवून सुरू करतो.