विश्लेषण : हॉल एक, मीटिंग तीन! वन बीएचकेमध्ये ‘ऑफिस’ मांडायचे तरी कुठे?

सकाळी दहाला सोफा-कम-बेडवरची चादर गुंडाळली जाते आणि त्याच जागी लॅपटॉप उघडतो. सव्वादहाला जेवणाच्या टेबलावर दुसरा. साडेदहाला स्वयंपाकघरात कुकर लागतो आणि दोन्ही कॉलवरची माणसे एकदमच विचारतात, ‘कोणाकडून आवाज येतोय?’ मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली... इमारत कोणतीही असो, वन बीएचकेमधले हे दृश्य सारखेच.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही तात्पुरती सोय होती. आता अनेक नोकऱ्यांत आठवड्याचे दोन-तीन दिवस घरून काम ठरलेलेच असते. त्यात मुसळधार पाऊस आणि रेल्वेचे ब्लॉक. ठाणे स्थानकातील कामासाठी ३१ मे ते २ जून २०२४ दरम्यान ६३ तासांचा ब्लॉक घेतला गेला, तेव्हा कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्या, असे आवाहन खुद्द मध्य रेल्वेने आस्थापनांना केले होते. घरात बसून काम करायला जागा आहे, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेले आहे.

जागा लागते तरी किती?

चार फूट बाय दोन फुटांचे टेबल आणि खुर्ची मागे ओढायला तीन फूट. म्हणजे साधारण २० चौरस फूट. ऐकायला काहीच नाही. पण झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आज मिळणारे घर ३०० चौरस फुटांचे आहे; त्याआधी ते २६९ आणि त्याही आधी २२५ चौरस फुटांचे होते. अशा घरात एक टेबल म्हणजे घराचा पंधरावा हिस्सा. हिशेबासाठी उपनगरातला दर चौरस फुटाला २५ हजार रुपये धरला, तर ही २० चौरस फुटांची जागा पाच लाखांची होते. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपपेक्षा तो ठेवायची जागा महाग!

पूर्वी यावर बाल्कनीचा उतारा होता. जुन्या म्हाडा वसाहतींत बाल्कनी बंद करून मुलांच्या अभ्यासाचा कोपरा निघत असे. मुंबईत २०१२ मध्ये नियम बदलले आणि बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे गोष्टी एफएसआयमध्ये मोजल्या जाऊ लागल्या. त्यानंतरच्या अनेक इमारतींत बाल्कनी उरलीच नाही, खिडकी तेवढी मोठी झाली.

बेडरूमच्या दाराआड कोण बसणार?

टेबल-खुर्चीच्या खरेदीआधी घराने सोडवायचा प्रश्न हा आहे. वन बीएचकेमध्ये बंद होणारे दार एकच. ते बहुतेक घरांत न बोलता ठरते. ज्याचा पगार जास्त किंवा ज्याचा हुद्दा मोठा, तो बेडरूममध्ये. सून किंवा मुलगी हॉलमध्ये, आणि हॉलमध्ये बसलेली बाई ‘घरीच’ असते. दुधाची पिशवी, कुरिअर, गॅस सिलिंडर, सासऱ्यांचा चहा, सगळे तिच्याच वाट्याला. अप्रेझलच्या वेळी मात्र ‘कॉलवर लक्ष नसते’ हा शेरा कोणाच्या नावावर पडतो, हे सांगायला नको.

आमच्या मते हे वाटप पगारावर नव्हे, कामाच्या प्रकारावर व्हावे. ज्याला त्या तासात बोलायचे आहे, त्याला दार. कोड लिहिणारा, बिले तपासणारा, एक्सेल भरणारा माणूस हेडफोन लावून हॉलमध्ये बसू शकतो. ग्राहकाशी बोलणारी किंवा मुलाखत देणारी व्यक्ती बसू शकत नाही. आदल्या रात्री दोघांनी कॅलेंडर शेजारी ठेवून कोणाचा कॉल किती वाजता ते पाहायचे आणि फ्रिजवर कागद लावायचा. हा पाच मिनिटांचा उद्योग महागड्या खुर्चीपेक्षा उपयोगी पडतो. त्या कागदावर आजोबांच्या संध्याकाळच्या मालिकेची वेळ आणि मुलांच्या क्लासची वेळही हवी. हॉल त्यांचाही आहे. दिवसभर आपल्याच घरात कुजबुजत वावरायला लागणे ही ज्येष्ठांची तक्रार रास्त आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. संध्याकाळी सातला हॉल घराला परत मिळाला पाहिजे. लॅपटॉप, चार्जर, वही, हेडफोन एका झाकणाच्या डब्यात किंवा जुन्या सुटकेसमध्ये भरून दिवाणाखाली सरकवायचे. डोळ्यांसमोर चार्जर लोंबकळत राहिला, की रात्री दहालाही ‘एक मेल बघतो’ सुरू होते.

टेबल नसेल, तर पाठीचे काय?

दिवाणावर बसून टीपॉयवर लॅपटॉप ही सगळ्यात वाईट मांडणी. दिवाण आणि टीपॉय जवळपास एकाच उंचीचे असतात, त्यामुळे मान आणि कंबर दोन्ही वाकतात. जेवणाचे टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते, तेच ऑफिसच्या टेबलाचेही माप. तेवढी जागा नसेल तर भिंतीला बिजागरीने लावलेली, काम झाले की खाली पडणारी फळी सुतार करून देतो. फक्त भिंत विटेची आहे की पोकळ पार्टिशनची, हे आधी ठोकून पाहा.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचले तरी चालतात, पण मग कीबोर्ड आणि माऊस वेगळे घ्यावे लागतात. खर्च करायचाच तर पहिला इथे करावा. मांडी घालून बसण्याची सवय असणाऱ्यांनी चौरंग वापरायला हरकत नाही. कोपर काटकोनात राहते का, एवढे पाहावे. आणि दुपारी रिकामा असलेला स्वयंपाकाचा ओटा हे उभे राहून काम करण्याचे फुकटचे टेबल आहे. सिंकपासून लांब, इतकेच.

कॉलवर कुकरची शिट्टी का ऐकू जाते?

महागडे नॉइज कॅन्सलिंग इअरफोन घेऊनही तक्रार येते, कारण ती सोय मुख्यतः तुमच्या कानांसाठी असते. पलीकडच्याला काय ऐकू जाते, ते माइकवर ठरते. आवाजाच्या स्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. माइक ५० सेंटिमीटरवरून पाच सेंटिमीटरवर आणला, तर तुमचा आवाज २० डेसिबलने वाढतो आणि शिट्टी होती तिथेच राहते. म्हणून लॅपटॉपच्या माइकपेक्षा दांडीवाला साधा वायरचा हेडसेट सरस. जाड पडद्याने बाहेरचा आवाज अडत नाही, खोलीतला घुमणारा आवाज तेवढा कमी होतो. (हा मजकूरही घाटकोपरच्या एका हॉलमध्ये, अशाच दांडीवाल्या हेडसेटच्या भरवशावर लिहिला आहे.)

वायफाय आणि विजेचे काय?

एका एचडी व्हिडीओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. त्यामुळे १०० एमबीपीएसचा प्लॅन असताना कॉल अडकत असेल, तर दोष बहुधा राउटरच्या जागेचा. केबलवाला तो मुख्य दाराच्या वर, मीटरजवळ ठोकून जातो. शिवाय २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. टॉवरमधल्या पन्नास राउटरची गर्दी त्यातच. मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात चालतो. हॉलमध्ये बसणाऱ्याने ५ गिगाहर्ट्झ वापरावे, किंवा सरळ लॅन केबल ओढावी.

बोरिवलीत अदानीचे किंवा टाटा पॉवरचे मीटर असो वा मुलुंडमध्ये महावितरणचे, घरगुती दर टप्प्यांनी वाढतात. ५० वॅटचा लॅपटॉप नऊ तासांप्रमाणे २२ दिवस चालला तर महिन्याला १० युनिट, पंखा साधारण १५. बिल फुगवतो तो एसी. तो रोज चार तास चालवला तर सहज १०० युनिट वाढतात, आणि ३०० च्या वर गेलेले प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यात मोजले जाते.

मग हा खर्च कोणाचा?

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी लिज्जत पापडची सुरुवात केली. केंद्रातून मळलेले पीठ घरी न्यायचे आणि लाटून आणायचे, ही त्यांची पद्धत. पण घरी लाटायला आणि वाळवायला स्वच्छ जागा आहे का, हे तिथे पाहिले जाते. नसेल त्या बहिणींना केंद्रातच पीठ मळण्याचे किंवा पॅकिंगचे काम मिळते. घरून काम देणाऱ्याने आधी घर विचारात घ्यावे, ही समज त्यात आहे.

नोकरदारांच्या नियमांत ती शोधावी लागते. अंधेरीच्या सीप्झसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रांसाठी जुलै २०२२ मध्ये आलेल्या नियम ४३अ नुसार घरून काम करणाऱ्यांना उपकरणे आणि सुरक्षित जोडणी देणे ही कंपनीची जबाबदारी आहे. टेबल-खुर्चीचे नाव त्यात नाही. पोर्तुगालने मात्र २०२२ पासून घरून कामामुळे वाढणारा वीज-इंटरनेटचा खर्च मालकावर टाकला. आपल्याकडे काही कंपन्या इंटरनेटचे बिल देतात, पण ते धोरण म्हणून. हक्क म्हणून नव्हे. ऑफिसचे भाडे वाचवणाऱ्या कंपनीने किमान खुर्ची, कीबोर्ड आणि हेडसेट द्यावा, ही मागणी अवाजवी नाही. एचआरला मेल करताना ‘भत्ता’ मागण्यापेक्षा वस्तूंची यादी द्या. होकार मिळण्याची शक्यता त्यात जास्त.

घरात जमलेच नाही तर?

को-वर्किंगचे भाडे सगळ्यांना परवडत नाही, कॅफेत कॉल घेता येत नाही. पण प्रत्येक सोसायटीत एक बंद खोली असते, सोसायटीचे कार्यालय. महिन्यातून एखादी कमिटी मीटिंग, एरवी कुलूप. पुनर्वसन इमारतींत तर बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठीही जागा ठेवावी लागते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत कार्यालय सभासदांना कॉलसाठी खुले ठेवायचे, वेळ वहीत नोंदवायची, विजेपोटी नाममात्र शुल्क घ्यायचे, एवढा ठराव पुरेसा आहे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. विषयपत्रिका निघण्याआधी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.