बाटली कडक झाली की रूट बिअर तयार!

परदेशी मालिकेत शाळकरी मुलं मजेत रूट बिअर पिताना दिसली की घरातले मोठे दचकतात. मुलं आणि बिअर? घाबरू नका. नावात बिअर असली तरी हे मुळं, साली आणि मसाले उकळून केलेलं अमेरिकेतलं गोड, फेसाळ पेय आहे.

फिलाडेल्फियातले औषधविक्रेते चार्ल्स हायर्स यांनी १८७६ च्या शताब्दी प्रदर्शनात ते लोकांसमोर आणलं. त्या काळी ते सुक्या मुळांची पुडी विकत. साखर, पाणी आणि यीस्ट घालून पेय घरीच बनवायचं. जुनी खास चव होती सॅसाफ्रासच्या मुळाची. पण त्यातल्या सॅफ्रोल या घटकावर अमेरिकेने १९६० मध्ये खाद्यपदार्थांत बंदी घातली. त्यामुळे ते मूळ ऑनलाइन शोधत बसू नका.

आपल्याकडे त्याहून सोपी गोष्ट मिळते, अनंतमूळ म्हणजेच उपळसरी. तुम्ही चेन्नई किंवा हैदराबादला राहत असाल, तर नन्नारी सरबत प्यायलाच असाल. ते याच मुळाचं. चव हुबेहूब अमेरिकन येणार नाही, पण व्हॅनिलासारखा गंध छान जमून येतो.

साहित्य (१ लिटरसाठी)

अनंतमूळ १५ ग्रॅम, आल्याचा छोटा तुकडा, १ चक्रीफूल, साखर १०० ग्रॅम, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर ड्राय यीस्ट.

कृती

मुळं माती जाईपर्यंत धुवून ठेचून घ्या. आलं आणि चक्रीफुलासोबत पाण्यात घालून झाकण ठेवून मंद आचेवर १० मिनिटं उकळा. गॅस बंद करून अर्धा तास तसंच राहू द्या. गाळून साखर विरघळवा, लिंबू पिळा आणि पाणी घालून १ लिटर करा. आता घाई नको. मिश्रण बोटाला कोमट लागलं की मगच यीस्ट घाला. गरम पाण्यात यीस्ट मरतं आणि मग बुडबुडे येतच नाहीत.

फेस कसा येतो?

यीस्ट साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाटली घट्ट बंद असल्यामुळे हा वायू बाहेर जाऊ शकत नाही, पाण्यातच विरघळतो. पण यीस्टला थांबायचं कळत नाही. थांबवायचं काम आपलं.

माझा पहिला प्रयत्न ऐन मे महिन्यातला. काचेची बाटली भरून ओट्यावर ठेवली आणि ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण सैल करताच अर्धं पेय छताला लागलं. बाटली हातात फुटली नाही, हे नशीब! म्हणून काचेची बाटली नकोच. कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली स्वच्छ धुवून वापरा. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही. भरताना वर तीन बोटं जागा सोडा.

बाटली सावलीत ठेवा आणि दर चार-पाच तासांनी दाबून बघा. सुरुवातीला ती मऊ लागेल. न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी कडक लागली की लगेच फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसाच्या आतही होतं, थंडीत दोन दिवस लागू शकतात. घड्याळावर नाही, हातावर विश्वास ठेवा. बाटली रात्रीच कडक झाली तर सकाळची वाट बघू नका.

फ्रिजमध्ये दिवसभर थंड होऊ द्या. थंड पाण्यात वायू चांगला टिकतो. तिथेही यीस्ट हळूहळू काम करतच असतं, म्हणून आठवड्याभरात संपवा. उघडताना बाटली सिंकमध्ये धरा, चेहरा लांब ठेवा आणि झाकण थोडं-थोडं फिरवा.

घरात लहान मुलं आहेत?

यीस्टमुळे यात अगदी थोडं अल्कोहोलही तयार होतं. म्हणून लहान मुलं, गरोदर महिला किंवा अल्कोहोल अजिबात न घेणाऱ्यांसाठी यीस्टशिवायचा मार्ग निवडा. तीच मुळं आणि मसाले दीड कप पाण्यात उकळून गाळा, १ कप साखर घालून सिरप करा. गार झाल्यावर लिंबू पिळा. ग्लासात १ भाग सिरप आणि ४ भाग एकदम थंड सोडा, ग्लासच्या कडेने हळूच ओता. सोडा मेकर असेल तर आधी फक्त साध्या पाण्यात वायू भरा. सिरप नंतर घाला, नाहीतर सगळा फेस उतू जाईल.

मधुमेह असेल तर दोन्ही प्रकारांत साखर भरपूर आहे, हे लक्षात ठेवा. नियमित औषधं चालू असतील किंवा गरोदर असाल, तर अनंतमूळ घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

या रविवारी पहिल्यांदा करणार असाल, तर एकच बाटली करा. ती दाबून बघायचं काम घरातल्या मुलांकडे द्या. कडक झाली की तेच ओरडत येतील.