नागिणीची दोन तोंडे

गेल्या पावसाळ्यात ७२ वर्षांच्या एक आजी माझ्याकडे आल्या, तेव्हा नागीण उठून आठ दिवस लोटले होते. बरगडीवरील फोडांवर गेरूचा जाड लेप होता. ‘दोन्ही तोंडे मिळाली की माणूस जातो’ या धास्तीने त्या रोज लेकीला पुरळ किती पुढे सरकले ते पाहावयास लावीत. ती तोंडे सहसा मिळत नाहीत; विषाणू एका मज्जातंतूच्या वाटेने जातो आणि ती वाट शरीराच्या मध्यरेषेशी संपते. मात्र विषाणुरोधक गोळ्या शक्यतो ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, ती वेळ टळली होती. फोड सुकले, आग पाच महिने राहिली. पदराचा स्पर्शही त्यांना सोसवत नसे.

हा विषाणू नव्याने आलेला नसतो. बालपणीच्या कांजण्या बऱ्या झाल्या, तरी त्यांचा विषाणू कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत निद्रिस्त राहतो. त्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी पहारा देतात. वयाबरोबर तो पहारा विरळ होतो; मधुमेह, स्टेरॉइड, कर्करोगावरील उपचार यांनी आणखी ढिला पडतो.

लस नेमके येथे काम करते. भारतात २०२३ पासून मिळणाऱ्या लशीत जिवंत विषाणू नसतो. त्याच्या आवरणावरील एक प्रथिन आणि प्रतिकारशक्तीला चेतवणारा साहाय्यक पदार्थ, एवढेच. त्या प्रथिनाशी गाठ पडताच जुन्या स्मृतिपेशी जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा घ्यावयाच्या. चाचण्यांत सत्तरीपुढील व्यक्तींतही नागिणीचे प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटले. दंड दुखतो, एकदोन दिवस कणकण वाटते. नागीण होऊन गेलेल्यांनीही लस घ्यावी. मात्र अंगावर फोड असताना नव्हे.

किंमत मोठी आहे, हे मी लपवीत नाही. पण आजी कित्येक वर्षे माझ्याकडे रक्तदाब तपासून घेत होत्या आणि लशीचा विषय मी एकदाही काढला नव्हता. परवडणार नाही, हे मीच परस्पर ठरविले होते.

सेवा करणाऱ्यांनी एवढे पाहावे: अंगाच्या एकाच बाजूस आग होऊन तेथे फोड उठले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील, तर नेत्रतज्ज्ञही.