पाकिटातील अन्न आणि वैद्याचा पथ्यविचार

ज्वर उतरला आहे, पण अग्नी अजून सावरलेला नाही, अशा रुग्णाच्या आप्तांना "खायला काय दिले?" असे विचारले तर बहुधा ठरलेले उत्तर मिळते : "काही जड नाही, चहा आणि दोन बिस्किटे." पेया, लाजमंड, मुद्गयूष ही नावे सामान्य घरांतून जवळजवळ लोपली असून त्यांची जागा बिस्किटाने घेतली आहे. मैदा, साखर आणि घट्ट वनस्पतिजन्य तेल यांच्या संयोगाने बनलेला, भट्टीत कोरडा केलेला आणि महिनोन्‌महिने पाकिटात राहिलेला हा पदार्थ समाजमनात 'लघु आहार' म्हणून मान्यता पावला आहे. पाकीटबंद अन्नाचा धोका केवळ त्यातील घटकांत नाही. त्याने पथ्याचीच व्याख्या बदलली, हा आम्हांस अधिक गंभीर धोका वाटतो, आणि ती व्याख्या राखणे हे वैद्याचेच काम आहे.

येथे एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. अन्नावर प्रक्रिया करणे आयुर्वेदास अमान्य नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराची आठ आयतने सांगितली, त्यांत प्रकृतीनंतर लगेच 'करण' म्हणजे संस्कार येतो. गुरू अशा व्रीहीच्या लाह्या लघु होतात, तर लघु सक्तूंच्या शिजविलेल्या पिंडिका गुरू होतात. शोथ उत्पन्न करणारे दही घुसळून त्याचे तक्र झाले की ते शोथात उपयोगी पडते. आपल्याकडील सांडगे, मेतकूट, भाजणी, लोणचे हे सर्व प्रक्रियेचेच प्रकार होत. तेव्हा प्रश्न 'प्रक्रिया झाली का' हा नसून 'कशासाठी आणि कोणता गुण आणण्यासाठी झाली' हा आहे. स्वयंपाकघरातील संस्कार जाठराग्नीला साहाय्य करण्यासाठी होतो. कारखान्यातील संस्काराचा पहिला हेतू टिकाऊपणा, वाहतूक आणि पुनःपुन्हा खाण्याची इच्छा हा असतो. संस्काराने गुणांतर होणारच, मात्र ते कोणाच्या हिताचे, हे पाहणे आवश्यक आहे.

आधुनिक आहारशास्त्रही याच दिशेने विचार करू लागले आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ मध्ये अन्नाचे वर्गीकरण पोषकद्रव्यांवरून न करता प्रक्रियेच्या स्वरूपावरून करावे, असा विचार मांडला. 'नोव्हा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत अन्नाचे ४ गट असून चौथा गट अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा आहे. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल व सहकाऱ्यांनी २० प्रौढांना रुग्णालयात ठेवून २ आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि २ आठवडे साधे अन्न दिले. वाढलेल्या ताटांतील उष्मांक, शर्करा, स्नेह, तंतू व सोडियम दोन्ही वेळी सारखे ठेवले होते आणि हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नाच्या काळात त्याच व्यक्तींनी दररोज सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक घेतल्या व त्यांचे वजन सरासरी ०.९ किलो वाढले. साध्या अन्नावर ते तितकेच घटले. हा प्रयोग लहान व अल्पकाळाचा होता, हे खरे. परंतु त्यातील एक निरीक्षण वैद्यांनी विशेष ध्यानात घ्यावे : अतिप्रक्रियायुक्त अन्न लोकांनी अधिक वेगाने खाल्ले. अतिद्रुत भोजनाचा निषेध आहारविधीत का आहे, हे रुग्णास पटवून देण्यास याहून सोपा दाखला कोणता?

याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण ही ३ द्रव्ये अतिप्रमाणात व दीर्घकाळ सेवन करू नयेत, असे सांगितले आहे. अतिलवणाने ग्लानी, शैथिल्य व दौर्बल्य येते, तर अतिक्षाराने केश, नेत्र, हृदय व पुंस्त्व यांस बाधा होते. दुधासोबतही मीठ खाणाऱ्या सौराष्ट्रादि प्रदेशांतील लोकांचा उल्लेखही तेथे आहे. आज दुधाच्या चहात खारी बुडवून खाणाऱ्या घरोघरच्या मंडळींना तो ऐकवावा, असा आहे. वेफर्स, शेव, तयार सूप, नूडल्स यांतून लवण नित्य पोटात जाते, आणि खारी, टोस्ट, बिस्किटे, केक यांतून लवणाच्या जोडीला सोड्यासारखे क्षारही जातात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सुचविले आहे. रक्तदाबाचा रुग्ण "मी वरून मीठ घेत नाही" असे प्रामाणिकपणे सांगतो, पण पाकिटातले मीठ त्याच्या हिशेबातच नसते.

संतर्पणोत्थ व्याधींचा प्रसार किती झाला आहे, हे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीवरून दिसते : देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख पूर्व-मधुमेही. याचे सर्व खापर पाकिटावर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. आस्यासुख, स्वप्नसुख ही कारणेही तितकीच बलवान आहेत. तथापि निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी असेल, तर हे निदान विचारल्याशिवाय औषध लिहिणे अपुरे होय.

यास्तव काही सूचना. केस पेपरवर 'आहार' या रकान्यात शाकाहारी-मांसाहारी एवढेच न लिहिता सकाळच्या चहाबरोबर काय, मुलांच्या डब्यात काय आणि उपवासाला काय, हे ३ प्रश्न असावेत. उपवासाचे तयार वेफर्स व चिवडे लंघनाचा हेतूच नष्ट करतात. रुग्णास रिकामे पाकीट घेऊन येण्यास सांगावे. घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेली असतात. पहिल्या तिघांत मैदा, साखर, पामतेल आढळले की पुढे फारसे सांगावे लागत नाही. ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन यांचाही शर्करेच्याच हिशेबात विचार करावा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे १ ग्रॅम मीठ, हे गणितही शिकवावे. मात्र केवळ निषेध करून भागत नाही. पर्याय स्वस्त व झटपट हवा. लाह्या, भाजलेले चणे, राजगिरा, मुगाचे कढण, ताजे ताक हे आजही प्रत्येक गावात मिळते.

औषधी विक्रेत्या बंधूंना एक विनंती. आपल्या दुकानावरील 'आयुर्वेदिक' ही पाटी ग्राहकाच्या दृष्टीने एक आश्वासन असते. तिच्याखाली ठेवलेले बिस्किट, नूडल्स वा गोड पेय त्या पाटीमुळे पथ्यकर होत नाही. मे २०२२ मध्ये 'आयुर्वेद आहार' या वर्गासाठी स्वतंत्र नियमावली अधिसूचित झाली. तिच्यानुसार असा आहार प्रमाण ग्रंथांतील कृती, द्रव्ये वा प्रक्रिया यांना धरून असावा लागतो व २४ महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी तो विकता येत नाही. फळीवरील वस्तू या कसोटीला उतरते का, हे खरेदी करतानाच पाहावे. तसेच शतावरी कल्प, अवलेह, सरबते यांत शर्करा हा मोठा घटक असतो. ग्राहकाने मागितले तरी "घरात मधुमेह कोणास आहे का?" हा एक प्रश्न विचारूनच ते हाती द्यावे. त्याने एखादी बाटली कमी खपेल, पण पाटीवरचा विश्वास टिकेल.

औषधाची स्पर्धा औषधाशी असते, तेव्हा वैद्य ती जिंकू शकतो. औषध दिवसातून दोनदा आणि अपथ्य दिवसातून पाच वेळा, अशी स्पर्धा असेल तर कोणताही योग निष्प्रभ ठरेल. आपल्या प्रत्येक चिठ्ठीवर औषधाइतक्याच ठळक अक्षरांत एक ओळ पथ्याची असावी, आणि ती 'तेलकट-तिखट वर्ज्य' अशी मोघम नसून त्या रुग्णाच्या घरातील पाकिटाचे नाव घेणारी असावी, एवढेच आमचे सांगणे आहे.